भूत नसलेला भयपट : कोराडीची राख

भयपट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक देखावा उभा राहतो. अमावास्येची रात्र, गावाबाहेरची पडकी विहीर, पिंपळाचे झाड, पांढऱ्या साडीतली बाई आणि शेवटी तिला बाटलीत बंद करणारा मांत्रिक. या देखाव्याने पिढ्यान्‌पिढ्या लोकांना घाबरवले आणि मांत्रिकांची पोटे भरली. परंतु जगात भयपटाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात भूत नसते, मांत्रिकही नसतो. त्यात एक कारखाना असतो, एक नदी असते, त्या नदीचे पाणी पिणारे गाव असते आणि ‘सर्व काही नियमानुसार आहे’ असे सांगणारा एक साहेब असतो. याला पर्यावरणीय भयपट म्हणतात.

आम्हाला लिहायचे आहे ते कोराडीच्या राखेबद्दल. मग सिनेमापासून सुरुवात कशासाठी? कारण जी गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर पन्नास वर्षे घडते आहे, ती भीतीदायक आहे हे आम्हाला अजून दिसत नाही. पडद्यावरचे भूत पाहून आम्ही डोळे झाकून घेतो, आणि अंगणात साचलेली राख मात्र रोज सकाळी खराट्याने झाडून टाकतो. असे का होते, याचा विचार झाला पाहिजे.

या प्रकारच्या सिनेमाचा जन्मच मुळी खऱ्या घटनांतून झाला आहे. १९५४ च्या मार्च महिन्यात अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि बोटीवरचे कोळी आजारी पडले. त्याच वर्षी जपानमध्ये ‘गोजिरा’ हा चित्रपट आला. जगाने त्याला पुढे ‘गॉडझिला’ या नावाने ओळखले. १९७१ मध्ये याच मालिकेत हेडोरा नावाचा राक्षस आला. तो समुद्रात सोडलेल्या सांडपाण्यातून आणि गाळातून वाढतो आणि कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर पितो. योक्काइची या जपानी शहरातले लोक तेव्हा खरोखरच कारखान्यांच्या धुराने दम्याचे रोगी झाले होते. त्यांनी कोर्टात दावा लावला आणि १९७२ मध्ये तो जिंकला. दक्षिण कोरियाच्या बाँग जून-हो यांचा ‘द होस्ट’ २००६ मध्ये आला. त्याचे पहिलेच दृश्य सोल शहरातल्या अमेरिकन लष्करी तळावर २००० साली घडलेल्या घटनेवर बेतलेले आहे. तेथे प्रेते टिकवण्याचे रसायन गटारात ओतण्याचा हुकूम दिला गेला होता आणि ते गटार हान नदीला मिळत होते. सिनेमात त्या नदीतून राक्षस निघतो.

आमच्या वाचकांनी ज्याची कथा मुद्दाम समजून घ्यावी असा यांतला चित्रपट म्हणजे १९७९ चा ‘प्रॉफेसी’, दिग्दर्शक जॉन फ्रँकेनहायमर. अमेरिकेतल्या मेन राज्यातले जंगल, तेथे एक कागद कारखाना आणि शेजारी मूळनिवासी इंडियनांची वस्ती. वस्तीतले लोक अडखळत चालतात, बरळतात, एकाएकी संतापतात. कारखान्याचे लोक म्हणतात, हे इंडियन दारू पितात. पुढे उघड होते की ती दारू नव्हती. नदीत पारा होता, पारा माशांत गेला होता आणि मासे हेच त्या लोकांचे अन्न होते. सिनेमातले राक्षसी अस्वल आज हास्यास्पद वाटते. परंतु विषबाधा झालेल्या माणसाला ‘दारुडा’ ठरवणारा तो प्रसंग मुळीच हास्यास्पद नाही. कॅनडात ग्रासी नॅरोज नावाची मूळनिवासींची खरीखुरी वस्ती आहे. १९६२ ते १९७० या काळात ड्रायडेन येथील कागद कारखान्याच्या रसायन विभागाने त्यांच्या नदीत सुमारे दहा टन पारा सोडला. त्याचे परिणाम त्यांच्या पुढच्या पिढ्यांनीही भोगले. ज्याचे शरीर बिघडवले त्याचेच चारित्र्य वाईट ठरवायचे, ही रीत आमच्या वाचकांना नवी सांगण्याची गरज नाही. ‘घाणेरडे राहतात म्हणून आजारी पडतात’ हे वाक्य आमच्या वस्त्यांनी किती वेळा ऐकले आहे!

या सर्व चित्रपटांची मांडणी सारखीच असते. धोक्याची पहिली खूण कोळी, गुराखी, मोलकरीण अशा खालच्या थरातल्या माणसाला दिसते. तो सांगतो, पण त्याचे म्हणणे कुणी लिहून घेत नाही. साहेब म्हणतो, पुरावा कुठे आहे? मग माणसे मरतात. त्यानंतर एखादा शिकलेला डॉक्टर शहरातून येतो आणि तेच सांगतो. तेव्हा कुठे ते खरे ठरते. म्हणजे या कथेतला खरा प्रश्न राक्षसाचा नसून साक्षीचा आहे. कुणाची साक्ष साक्ष मानायची, हा तो प्रश्न आहे.

मिनामाताची हकीकत हेच सांगते. जपानच्या या किनारी गावात मांजरी नाचल्यासारख्या वेड्यावाकड्या उड्या मारून समुद्रात पडत आणि मरत. नंतर माणसांचे हातपाय वाकडे होऊ लागले. १९५६ च्या मे महिन्यात या रोगाची अधिकृत नोंद झाली. ती करणारे डॉ. हाजिमे होसोकावा हे चिस्सो कंपनीच्याच दवाखान्याचे प्रमुख होते. गावाने मात्र रोग्यांवर बहिष्कार टाकला. रोग संसर्गजन्य आहे असे समजून त्यांच्या घरी कुणी जाईना, दुकानदार त्यांच्या हातातून पैसे घेईना. १९५९ मध्ये डॉ. होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजरीला अन्नातून दिले. प्रयोगातली ती चारशे क्रमांकाची मांजर. तिला तोच रोग झाला. कंपनीने हा निष्कर्ष दाबून ठेवला. त्याच वर्षाच्या शेवटी गाजावाजा करून पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले, जे पारा काढण्यासाठी नव्हतेच. विषारी पाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले आणि सरकारने कारण मान्य केले तेही १९६८ मध्येच. बारा वर्षे! अखेर डॉ. होसोकावांनी १९७० मध्ये रुग्णशय्येवरून कोर्टासाठी साक्ष दिली आणि १९७३ मध्ये रोगी दावा जिंकले. १९७१ मध्ये नोरिआकी त्सुचिमोतो यांनी या रोग्यांवर माहितीपट काढला. त्यात एकही राक्षस नाही, तरीही तो कुठल्याही भयपटापेक्षा भयंकर आहे.

आता कोराडीकडे येऊ.

नागपूरच्या उत्तरेला, शहराच्या अगदी वेशीवर, कामठी तालुक्यात कोराडी आहे. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला येणाऱ्या हजारो भाविकांना देवळाच्या कळसाबरोबर वीज केंद्राच्या चिमण्याही दिसतात. येथील पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. जुने लहान संच टप्प्याटप्प्याने मागे पडले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच उभे राहिले. जवळच खापरखेडा येथे १३४० मेगावॅटचे दुसरे केंद्र आहे. दोन्ही केंद्रे महानिर्मिती या सरकारी कंपनीची आहेत.

राखेचा हिशेब सोपा आहे, तो आम्ही येथेच मांडतो. कोराडीचे तीन मोठे संच मिळून १९८० मेगावॅट होतात. ते पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला जवळपास वीस लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला सुमारे तीस हजार टन कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक राखच असते. म्हणजे एका दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास राख. दहा टनांचा एक ट्रक धरला तर रोज एक हजार ट्रक. बाहेरून आलेल्या नातेवाइकाला ‘आमच्या इथे थोडी धूळ असते’ असे आपण सांगतो, ती ही धूळ.

ही राख जाते कुठे? काही सिमेंट कारखान्यांना आणि विटांना जाते. उरलेली पाण्यात कालवून पाइपने दूरच्या राखेच्या तलावात सोडतात. तेथे राख खाली बसावी आणि वरचे पाणी पुन्हा केंद्राकडे न्यावे, ही पद्धत. कागदावर ती निर्दोष आहे. प्रत्यक्षात पाइप फुटतात, तलावाच्या तळातून पाणी झिरपते, उन्हाळ्यात वरचा थर वाळतो आणि वारा आला की उडतो. राखेचा बारीक कण डोळ्यांना दिसत नाही, पण फुप्फुसात खोल जातो. कोळशात मुळातच असलेले आर्सेनिक, पारा, शिसे, क्रोमियम यांसारखे घटक जळून नष्ट होत नाहीत. काही धुराबरोबर वर जातात, उरलेले राखेत राहतात. राखेतून पाण्यात उतरतात, पाण्यातून विहिरीत येतात. आजीच्या गोष्टीत विहिरीत हडळ राहत असे. हा घटक हडळीपेक्षा वाईट, कारण तो अमावास्येची वाट पाहत नाही.

१६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला. राखेचा लोंढा शेतांत शिरला, नाल्यांतून नदीकडे गेला. पेरणी झालेल्या जमिनीवर करडा चिखल बसला. सिनेमावाल्याला हवा असतो तसा हा प्रसंग. पाऊस, फुटलेला बांध आणि गावाकडे सरकणारा करडा लोंढा. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. आठवड्याभराने दुसऱ्या बातम्या आल्या.

त्यापूर्वी काही महिने पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावचे लोक खापरखेडा केंद्राच्या राखेविरुद्ध उभे राहिले होते. त्यांच्या शिवारातल्या तलावात राख टाकणे सुरू झाले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांच्या आदेशाने ते थांबवावे लागले. ओरड केली तर ऐकले जाते, हे नांदगावने दाखवून दिले. ओरड संपली की पाइप पुन्हा वाहू शकतो, हेही विसरता कामा नये.

आणि हे सर्व कुणाला ठाऊक नव्हते काय? २०२१ मध्येच नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट, मंथन अध्ययन केंद्र आणि असर या संस्थांनी कोराडी व खापरखेडा परिसरातल्या गावांतील पाण्याचे आणि राखेचे नमुने तपासून अहवाल प्रसिद्ध केला होता. पारा, आर्सेनिक, अ‍ॅल्युमिनियम यांचे प्रमाण काही ठिकाणी पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे असल्याचे त्यात नोंदले आहे. खसाळ्याचा बांध फुटण्याच्या आधीचा हा अहवाल आहे. सिनेमातल्या त्या शहरी डॉक्टरने येऊन सांगून झाले आहे. तरीही कथा पुढे सरकली नाही.

का सरकली नाही? कारण सिनेमातला राक्षस एकाच रात्री शंभर माणसे मारतो, कोराडीचा राक्षस घाईत नाही. तो एकाचा खोकला वाढवतो, एकाच्या संत्र्याच्या पानांवर बसतो, एकाच्या म्हशीचे दूध कमी करतो. आजार हळू येतो, म्हणून तो नशिबाचा वाटतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘दमा’ लिहिले जाते, ‘राख’ कधीच लिहिली जात नाही. मृत्यूच्या दाखल्यावर तर तिचे नाव येतच नाही. एकाच गुन्हेगाराने हजार ठिकाणी थोडाथोडा गुन्हा केला, तर आमची व्यवस्था त्याला गुन्हा म्हणत नाही, ‘परिस्थिती’ म्हणते. दुसरे कारण जागेचे. राखेचे तलाव सिव्हिल लाइन्समध्ये होत नाहीत. जिथे जमीन स्वस्त, मालक लहान आणि मजूर भूमिहीन, तिथेच ते होतात. अमेरिकेतही १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या वॉरेन परगण्यात विषारी मातीचा खड्डा काळ्या लोकांच्या वस्तीजवळच खणला गेला. त्याविरुद्ध लोक ट्रकांसमोर आडवे झाले, पाचशेहून अधिकांना अटक झाली आणि तेथून पर्यावरणीय न्यायाची चळवळ वाढली. घाण कुणाच्या दारात टाकायची हे नकाशा ठरवतो, आणि नकाशा कोण काढतो हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

परंतु या राखेला फक्त खेड्याचा प्रश्न समजणे ही मोठी चूक ठरेल. कन्हान नदीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून नागपूरच्या उत्तर आणि पूर्व भागांत जाते. इंदोरा, जरीपटक्याच्या नळाचा आणि खसाळ्याच्या बांधाचा संबंध आहे. ज्या उत्तर नागपुरात चळवळ वाढली, त्याच उत्तर नागपूरच्या पाण्याचा हा विषय आहे. तेव्हा ‘ते खेड्यातल्यांचे बघतील’ असे कुणी म्हणू नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो. वीज नको काय? दिवे घालवून कंदील लावायचे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. वीज हवी, आणि ती गरिबाच्या घरात आधी हवी. विजेचे महत्त्व आम्हाला कुणी शिकवण्याची गरज नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणाच्या समितीसमोर या देशाच्या विद्युतीकरणाची बाजू मांडली होती. दारिद्र्यातून सुटायचे तर उद्योग हवेत, आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, असा त्यांचा विचार होता. वीज सरकारच्या हाती असावी, असेही त्यांचे मत होते. कारण नफ्यासाठी काम करणारा मालक माणसाचा विचार करणार नाही. म्हणूनच आम्ही आज सरकारी कंपनीला अधिक कठोर प्रश्न विचारतो. खासगी मालकाने राख फेकली तर तो लोभी ठरतो. लोकांच्या मालकीच्या कंपनीने लोकांच्याच शेतात राख फेकली तर तिला काय म्हणावे? वीज माणसासाठी आहे. माणसाची फुप्फुसे विजेसाठी नाहीत. बिलाच्या कागदावर युनिटचा दर असतो. खसाळ्याच्या शेतकऱ्याने भरलेली रक्कम त्या बिलात कुठेच दिसत नाही.

सरकारची चाल पाहा. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने वीज केंद्रांच्या धुरासाठी कडक मर्यादा घातल्या आणि त्यासाठी दोन वर्षे दिली. गंधकयुक्त वायू पकडणारी यंत्रणा, जिला एफजीडी म्हणतात, ती बसवणे त्यामुळे भाग होते. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. शेवटी जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना या यंत्रणेतून सूटच देण्यात आली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना मात्र ती सूट नाही, त्यांची मुदत डिसेंबर २०२७ अखेरची आहे. कोराडी आणि नागपूर यांच्यामधले अंतर कुणी सांगण्याची गरज आहे काय? या मुदतीवर नागपूरकरांनी डोळा ठेवला पाहिजे, नाहीतर तीही वाढेल. दरम्यान कोराडीतच ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव आला आणि २९ मे २०२३ रोजी, विदर्भाच्या भर उन्हात, त्याची जनसुनावणी झाली. विरोध झाला, समर्थनही झाले. रोजगाराच्या आशेने समर्थन करणाऱ्या तरुणाला आम्ही दोष देत नाही. आमचे एवढेच म्हणणे आहे की नोकरी आणि श्वास यांपैकी एक निवड, असे सांगणारा माणूस त्याचा मित्र नाही.

आता कायद्याचे बोलू. पाण्याच्या हक्कासाठी या समाजाने महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर तो लढा कोर्टात दहा वर्षे चालला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सनातन्यांचा दावा होता की अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे. ते ही रूढी सिद्ध करू शकले नाहीत, म्हणून मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हरले. महाडची लढाई पायांनी चालून जिंकली, तशीच ती पुराव्यावरही जिंकली. तेव्हा पाण्याला हात लावू देत नव्हते. आज हात लावायला मनाई नाही, पण पाण्यातच काय मिसळले आहे हे सांगत नाहीत. मज्जावाचा प्रकार तेवढा बदलला.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. तो खटला कोळसा धुण्याच्या कारखान्याच्या गाळाबद्दलच होता. याचिका फेटाळली गेली, तत्त्व मात्र कायम राहिले. राजस्थानातल्या बिछरी गावच्या विहिरींचे पाणी रसायन कारखान्यांमुळे काळे पडले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जो प्रदूषण करील त्यानेच भरपाई द्यावी. कंपनीने अर्जावर अर्ज करून वर्षे घालवली. २०११ मध्ये न्यायालयाने तिला ३७ कोटींहून अधिक रक्कम बारा टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. म्हणजे कायदा आहे. पण तो पुरावा घेऊन येणाऱ्याच्याच उपयोगी पडतो.

आणि येथे आम्हाला आमच्या वाचकांना एक तारीख सांगायची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा २०१० च्या कलम १५ प्रमाणे नुकसानभरपाई आणि शेतजमीन पूर्ववत करून मिळण्यासाठीचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. पुरेसे कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळू शकतात, अधिक नाही. खसाळ्याचा बांध १६ जुलै २०२२ रोजी फुटला. पाच वर्षे जुलै २०२७ मध्ये पूर्ण होतात. ज्यांचे नुकसान भरून निघालेले नाही त्यांनी ही तारीख घराच्या भिंतीवर लिहून ठेवावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला न्यायाधिकरणाची फी लागत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि औद्योगिक आपत्तीत सापडलेल्यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे अर्ज द्यावा. ‘कोर्टकचेरी आमच्या आवाक्यातली नाही’ ही सबब येथे चालत नाही.

पुरावा कसा तयार करायचा? त्यासाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही. गावाने एक वही करावी. कोणत्या दिवशी राख उडाली, वारा कुठल्या दिशेचा होता, पाइप कुठे फुटला, कोणत्या विहिरीच्या पाण्याचा रंग बदलला, कुणाच्या घरात कोण आजारी पडले, हे तारखेसह लिहावे आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. दवाखान्याची एकही चिठ्ठी फेकू नये. विहिरीचे पाणी भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि निकालाची प्रत ठेवावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाने घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागावेत. ग्रामसभेत ठराव करून त्याची पोच घ्यावी. मोबाइलवर काढलेली चित्रफीत मूळ फोनमध्येच जपून ठेवावी. ती केवळ इकडून तिकडे पाठवली आणि मूळ पुसून टाकली तर कोर्टात तिचे वजन कमी होते, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

येथेच सिनेमाचा आणि वहीचा मार्ग एक होतो. नागराज मंजुळे यांनी नागपुरात ‘झुंड’चे चित्रीकरण केले आणि २०२२ मध्ये तो प्रदर्शित झाला, तेव्हा आमच्या वस्तीतली मुले कॅमेऱ्यासमोर उभी राहू शकतात हे सगळ्यांनी पाहिले. आता त्यांनी कॅमेऱ्यामागे उभे राहावे. आमच्या तरुणांनी कोराडीचा, खसाळ्याचा, नांदगावचा भयपट काढावा. त्यात राक्षस आणू नये. पाइप दाखवावा, वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख दाखवावी, खोकणारा म्हातारा त्याच्या नावानिशी, त्याच्या संमतीने आणि त्याच्याच शब्दांत बोलू द्यावा. राक्षस दाखवला की प्रेक्षक घरी जाऊन शांत झोपतो, कारण राक्षस खोटा आहे हे त्याला माहीत असते. माणसाची साक्ष दाखवली तर तो झोपणार नाही.

भूत मानणारा समाज मांत्रिकाकडे जातो. कारण शोधणारा समाज कारणापर्यंत जातो आणि ते दूर करतो. कोराडीच्या राखेला कारण आहे, मालक आहे, पत्ता आहे, कायदा आहे आणि आता मुदतही आहे. खसाळ्याच्या ज्या शेतकऱ्याच्या बांधावर अजून राख आहे, त्याने या आठवड्यातच वहीचे पहिले पान लिहावे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी ते लिहून देणे हे आपल्यातल्या प्रत्येक शिकलेल्याचे काम आहे.